खजूर झाले, डाळिंब झालं, गोळ्याही झाल्या. तरी हिमोग्लोबिन नऊवरच का?

करमाळ्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात चार घरं फिरलं, की एखाद्या घरात तरी कपाटावर घडी घालून ठेवलेला लॅबचा कागद मिळतो. हिमोग्लोबिन ९.२. कधी घरातल्या सुनेचा, कधी दहावीतल्या मुलीचा. मग सगळं घर कामाला लागतं. अम्मी खजूर आणते, नानी बीट किसून द्यायला सांगते, अब्बा येताना डाळिंब घेऊन येतात, जुम्म्याला कलेजी होते. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्याही चालू होतात. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा ९.४. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: "पोरीच्या अंगी काही लागतच नाही."

हे वाक्य आपण वैतागून बोलतो, पण डॉक्टरी भाषेतही नेमकं तेच खरं आहे. किती लोह खाल्लं हा अर्धाच हिशोब झाला. त्यातलं किती आतड्यातून रक्तात गेलं, म्हणजे किती अंगी लागलं, हा उरलेला अर्धा. आणि या दुसऱ्या अर्ध्यावर ताटातलं लिंबू, पेरू आणि जेवणानंतरचा चहा यांचा जेवढा ताबा आहे, तेवढा खजुराचाही नाही.

ही तक्रार एका-दोन घरांची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ ला, हाच आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर ६८.९ टक्के. गोळ्या आहेत, योजना आहेत, तरी आकडा खाली येण्याऐवजी वर गेला. सगळा दोष चहाचा नाही, हे उघड आहे. पण घरातल्या घरात, पैसे न घालता जे बदलता येतं, ते आधी समजून घेऊ.

बारा बोटांचा दरवाजा

आपण गिळलेला घास पोटातून पुढं सरकला की लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्यात येतो. हा तुकडा जेमतेम वीतभर लांब. अरबीत याचं नावच 'इस्ना अशर', म्हणजे बारा, कारण जुन्या हकीमांनी त्याची लांबी बारा बोटं मोजली होती. अन्नातलं लोह मुख्यतः याच वीतभर जागेत आणि त्याच्या लगतच्या थोड्या भागात शोषलं जातं. पुढं आतडं कितीतरी फूट लांब आहे, पण लोहाच्या दृष्टीनं गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

या दरवाजावर दोन प्रकारचं लोह येतं. एक गोश्तातलं. मटण, कलेजी, खिमा, मासे यांत लोह रक्ताच्या लाल रंगद्रव्यात बांधलेलं असतं आणि त्याला आत जायला वेगळी वाट आहे. त्यातलं शंभरातलं १५ ते ३५ भाग लोह शरीर घेऊन टाकतं. दुसरं धान्य, डाळी, पालेभाज्या, खजूर, गूळ यांतलं. हे मोकळं असतं आणि गंजासारख्या 'फेरिक' रूपात येतं. आतड्याचा दरवाजा मात्र 'फेरस' नावाचं दुसरं रूपच आत घेतो. त्यामुळं या लोहातलं शंभरातलं ५ ते १० भागच आत जातं, कधी त्याहून कमी. बाकीचं सरळ बाहेर.

म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलेल्या मापानुसार मोठ्या बाईच्या ताटात रोज २९ मिलीग्रॅम लोह हवं. शरीराला प्रत्यक्षात रोज लागतं ते साधारण दोन-सव्वादोन मिलीग्रॅम. बाकीचे सत्तावीस वाया जाणार असं गृहीत धरूनच हा आकडा काढलेला आहे.

आपण "मुसलमानांच्या घरात गोश्त असतं, आपल्याला रक्ताची काय चिंता" असं सहज म्हणून जातो. जरा ताट मोजून बघा. मटणाचा भाव बघता आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा किलो, त्यात सात माणसं. २०१५ च्या कायद्यानंतर गरिबाच्या घरी येणारं स्वस्त गोश्तही पूर्वीसारखं राहिलं नाही. त्यात वाढताना आधी मर्द माणसं, मग मुलं, आणि शेवटी भाभीच्या वाट्याला रस्सा आणि एखादं हाडूक. म्हणजे ज्या बाईला पाळीमुळं, बाळंतपणामुळं लोहाची गरज सगळ्यात जास्त, तिचं लोह येतं भाकरी आणि डाळीतूनच. रस्शाला गोश्ताचा वास येतो, पण लोह बोटीत राहतं.

भाकरीत लोह आहे, कुलूपही आहे

करमाळा तालुका म्हणजे ज्वारीचा पट्टा. उजनीच्या पाण्यामुळं जेऊर-कंदरकडं ऊस आणि केळी आली, तरी घरात शिजतं ते मालदांडीच. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत चारेक मिलीग्रॅम लोह असतं, बाजरीत सहाच्या वर. दिवसाला तीन-चार भाकऱ्या खाणाऱ्या बाईच्या पोटात लोह कमी जात नाही.

अडचण अशी की धान्याच्या सालीत 'फायटेट' नावाचा पदार्थ असतो. बीज उगवेपर्यंत त्यातला फॉस्फरस सांभाळायची ही निसर्गाची तिजोरी. हा फायटेट पोटात गेला की लोहाला धरून बसतो, सोडत नाही. डाळी, शेंगदाणे, तीळ यांतही तो असतो. म्हणजे भाकरीत लोह आहे, पण कुलूप लावून.

याचा अर्थ भाकरी सोडून पाव-बिस्किटावर यायचं, असा कुणी काढू नये. मैद्यात फायटेट कमी, पण लोहही गेलेलं. भाकरी राहू द्यायची, तिच्यासोबत किल्ली ठेवायची.

ती किल्ली म्हणजे जीवनसत्त्व क, ज्याला आपण व्हिटॅमिन सी म्हणतो. ते दोन कामं करतं. एक, फेरिक लोहाचं फेरस करून देतं. दुसरं, त्या लोहाला स्वतः धरून विरघळलेलं ठेवतं. पोटातल्या आम्लात लोह विरघळतं, पण पुढं आतड्यात आम्ल कमी होतं आणि लोह पुन्हा साक्यासारखं खाली बसायला लागतं. फायटेट त्याला पकडायच्या आत व्हिटॅमिन सी नं पकडलं, तर ते दरवाजापर्यंत सुखरूप पोचतं.

ही सगळी धावपळ एकाच घासाच्या प्रवासात होते. त्यामुळं व्हिटॅमिन सी त्याच जेवणात हवं. सकाळी नऊला खाल्लेला पेरू रात्री आठच्या भाकरीला या कामात उपयोगी नाही. तो शरीराला इतर फायदा देईल, पण हे कुलूप उघडणार नाही. फळ "मधल्या वेळेत" खायचं असं आपण शिकलोय. रक्त कमी असेल तर ते ताटात घ्यावं.

आणखी एक गोष्ट बघा. आपल्या दारातली बकरी स्वतःच्या यकृतात व्हिटॅमिन सी बनवते. कुत्री-मांजरंही बनवतात. माणूस बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक एन्झाईम आपल्यात चालतच नाही. बकरीला लिंबू पिळायची गरज नाही, बकरी खाणाऱ्याला आहे.

लिंबू की पेरू?

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. लिंबाचं नाव फार मोठं झालंय. आपल्या बाजारातल्या एका कागदी लिंबाचा सगळा रस काढला तर त्यातून साधारण १० ते १५ मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी मिळतं. आपण भाजीवर पिळतो ती चतकोर फोड. म्हणजे तीनेक मिलीग्रॅम. जेवणातल्या लोहावर ठळक फरक दिसायला २५ ते ५० मिलीग्रॅम तरी लागतं. लिंबातलं सायट्रिक आम्लही थोडी मदत करतं, म्हणून लिंबू फुकट जात नाही. पण एका फोडीवर सगळा भरवसा ठेवू नये. पिळायचंच तर माणशी अर्धं-पाऊण लिंबू पिळा.

खरा राजा पेरू आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलीग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं. मध्यम पेरूचा अर्धा तुकडा सहज शंभर देऊन जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीन मुला-मुलींना नेहमीचं भाताचं जेवण आणि त्यासोबत शंभर ग्रॅम पेरू देऊन मोजलं. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. पेरू सोबत असताना लोहाचं शोषण जवळजवळ दुप्पट झालं. जेवण तेच, लोह तेवढंच, फक्त फळ ताटात आलं.

आपल्या जिल्ह्यात फळांचा धंदा बागवान मंडळींच्या हातात आहे. हातगाडीवरचा पेरू सफरचंदाच्या मानानं स्वस्त आणि या कामात सफरचंद त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो. पेरू नेला तर लोकांना कंजूषपणा वाटतो!

आवळा पेरूच्या तोडीस तोड आहे, अडीचशेच्या घरात. पण मुरब्बा करताना तो उकळला जातो आणि वर साखरेचा पाक, त्यामुळं मुरब्ब्याला औषध समजू नये. कच्चा आवळा किसून मीठ-मिरची लावून ताटात घेतला तर उत्तम. संत्रं, मोसंबी चालतं. शेवग्याचा पाला भरपूर देतो. टोमॅटो, कच्ची कोबी, कोथिंबीर, कांदा यांची वाटीभर कचुंबर करून वर अर्धं लिंबू पिळलं, तर पंचवीसचा आकडा गाठता येतो. हिरव्या मिरचीत व्हिटॅमिन सी भरपूर असतं, पण खाणार किती? खर्ड्यासाठी ती तव्यावर भाजली की त्यातलंही बरंच उडून जातं.

डाळिंबाबद्दल सांगितलं तर सोलापूरकर रागावतील. डाळिंबावरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, आणि फळ म्हणून ते उत्तमच. पण शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलीग्रॅमही नाही. बीटातही एक मिलीग्रॅमच्या आत. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, हा डोळ्यांचा हिशोब आहे. खजुरात लोह त्यापेक्षा बरं असलं तरी तेही मोकळंच लोह, त्यालाही किल्ली लागते. खजूर खाणं सुन्नत म्हणून, ताकदीसाठी म्हणून जरूर चालू ठेवा. त्याच वेळी दोन फोडी पेरूच्या घेतल्या तर खजुरातलं लोहही जास्त कामी येईल.

स्वयंपाकघरात काय निसटतं

व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, उष्णतेनं आणि हवेनं मोडतं. म्हणून लिंबू पातेलं चुलीवर असताना नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं. सकाळी चिरून ठेवलेली कोबी संध्याकाळपर्यंत त्यातलं काही गमावून बसते. चुक्याची, अंबाडीची भाजी गोश्तात घालायची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. शिजताना व्हिटॅमिन सी बरंच जातं, पण भाजीतलं आंबट आम्ल टिकतं आणि थोडी मदत करतं. शिवाय गोश्त स्वतःच भाजी-धान्यातल्या लोहाचं शोषण वाढवतं. म्हणून थोडंच गोश्त असेल तर त्याची वेगळी भाजी करून दोघांनी खाण्यापेक्षा दालच्यात, पालकात, मेथीत घालून सातही जणांच्या ताटात गेलेलं बरं. दालच्यासारखा पदार्थ ज्यांनी शोधला, त्यांना फायटेट माहीत नव्हता, पण जेवण कळत होतं.

लोखंडी कढई-तवा माळ्यावर गेला असेल तर खाली काढा. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की थोडं लोह त्यात उतरतं. मात्र लोखंड आणि तांबं दोन्ही व्हिटॅमिन सी मोडतात, त्यामुळं लिंबू नेहमीच शेवटी, ताटात. दावतीच्या तांब्याच्या देगीला कलई करतात ती मुख्यतः आंबटानं तांबं उतरू नये म्हणून. घरातल्या तांब्याच्या तांब्यात लिंबू सरबत करून ठेवू नये, त्याचं कारणही हेच.

मटकीला मोड आणणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती. मोड येताना दाणा स्वतःच फायटेट मोडायला लागतो आणि त्यात व्हिटॅमिन सी नव्यानं तयार होतं. म्हणजे कुलूप सैल आणि किल्लीही आतच. मोड आलेली मटकी नुसती वाफवून वर लिंबू-कोथिंबीर, यापेक्षा चांगला नाश्ता शाळेतल्या मुलीला दुसरा नाही. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील याच कारणानं भाकरीपेक्षा एक पाऊल पुढं आहे.

चहा

आता ज्या गोष्टीवर घरात भांडण होणार, तिच्याकडं वळू.

चहात 'टॅनिन' असतं. कपात राहिलेला करडा डाग, तोंडात येणारा तुरटपणा, तो त्याचाच. हे टॅनिन लोहाला भेटलं की दोघांचं मिळून असं संयुग बनतं, जे विरघळत नाही. जुन्या काळी शाई बनवायची तीही अशीच, तुरट फळांचा काढा आणि लोखंडाचा क्षार एकत्र करून. जेवणावर चहा पिणं म्हणजे आतड्यात तीच शाई बनवणं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये हे माणसांवर मोजून 'गट' या नियतकालिकात छापलं. पावासोबत पाणी दिलं तेव्हा पावातल्या लोहापैकी दहा टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं. चहा दिला तेव्हा तीनच्या आसपास. भात आणि बटाटा-कांद्याच्या सारासोबतही असंच झालं. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: सोबत व्हिटॅमिन सी असलं तरी चहानं शोषण अडवलंच. म्हणजे चहात लिंबू पिळून सुलेमानी केली की हिशोब फिटला, असं नाही. आणि दूध घातलेला चहाही यातून सुटत नाही. एक दिलासा त्याच अभ्यासात आहे. रक्तातला लाल पदार्थ शिजवून दिला, तेव्हा त्यातल्या लोहावर चहाचा परिणाम झाला नाही. म्हणजे गोश्ताच्या लोहाला चहा फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो भाकरी-डाळीवर जगणाऱ्याला.

आता आपल्या घरातला दिवस आठवा. सकाळी चहा-चपाती किंवा चहा-पाव. हा तर नाश्ताच चहात बुडवलेला. अकराला कुणीतरी आलं की चहा. दुपारी जेवण उरकून भांडी घासून झाली की घरातली बाई पहिल्यांदा निवांत बसते, आणि तिच्या हातात कप असतो. तो तिचा एकमेव आरामाचा क्षण. तो काढून घ्या असं इथं कुणी म्हणत नाही. फक्त घड्याळ सरकवा. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात जेवणानंतर तासाभरानं चहा प्यायल्यावर अडथळा साधारण निम्म्यानं कमी झालेला दिसला. तास-दीड तास थांबता आलं तर चांगलं. सकाळचा चहा नाश्त्याच्या आधी, उठल्याउठल्या घेतला आणि नाश्ता नंतर केला, तरी चालेल. कॉफीचंही हेच.

सगळ्यात जास्त काळजी दोन वर्षांच्या पोरांना चहात बिस्किट बुडवून देणाऱ्या घरांची वाटते. "रडतंय, दे दोन घोट." लहान मुलांचा ६८.९ टक्क्यांचा आकडा वर दिलाय, तो पुन्हा एकदा वाचा. दोन वर्षांच्या मुलाला चहाची काडीचीही गरज नाही.

रमजानमध्ये हे गणित आणखी अवघड होतं. दिवसभराचं सगळं खाणं इफ्तार आणि सहरी या दोन वेळांत येतं, आणि दोन्ही वेळा चहा. इफ्तारला खजूर, फळं, मग मगरिबनंतर भजी-समोशासोबत चहा, जेवण तरावीहच्या आधी नाहीतर नंतर. इथं नशिबानं एक सोय आहे. इफ्तारच्या फळांच्या ताटात पेरू, संत्रं, पपई असतंच. चहा इफ्तारच्या अन्नापासून तासभर दूर नेला, तर रमजान लोहासाठी वर्षातला सगळ्यात चांगला महिना ठरू शकतो. सहरीत मात्र वेळ कमी असतो. तिथं आधी उठून चहा आणि शेवटी जेवण, असा उलटा क्रम ज्यांना जमेल त्यांनी करावा.

गोळ्यांचं काय?

ॲनिमिया मुक्त भारत मोहीम २०१८ पासून चालू आहे. शाळेतल्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसच्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी, आणि गरोदर बाईला रोज एक लाल, सहा महिने. बाळंतपणानंतर आणखी सहा महिने. लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. दिवसभराच्या जेवणात मिळतं त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून गोळी फेकू नका, दप्तरात दडवू नका. "या गोळ्यांनी पुढं मूल होत नाही" असली अफवा मोहल्ल्यात फिरत असेल तर ती साफ खोटी आहे.

गोळी चहासोबत घेतली की वर सांगितलेली शाई गोळीपासूनही बनते. दुधासोबतही नको, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं. गरोदर बाईला दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियम अशा दोन्ही गोळ्या मिळतात, आणि बहुतेकजणी "एकदाच घेऊन टाकते" म्हणून दोन्ही एका घोटात गिळतात. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम जेवणासोबत, लोह जेवणानंतर तास-दोन तासांनी पाण्यासोबत, हा सोपा नियम. उपाशी पोटी गोळी जास्त शोषली जाते, पण मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या. गोळी बंद करण्यापेक्षा थोडं कमी शोषलेलं परवडलं. शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेणारी माणसं आता घरोघरी आहेत. पोटातलं आम्लच दाबून टाकलं तर लोह विरघळणार कशात? डॉक्टरांना विचारा, खरंच रोज लागते का. स्वतःहून एकदम बंदही करू नका.

लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी ची गोळीही घ्यावी का? इथं खरं ते सांगायला हवं. चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये छापून आला. निम्म्यांना नुसती लोहाची गोळी, निम्म्यांना लोह अधिक व्हिटॅमिन सी. हिमोग्लोबिन दोन्हीकडं सारखंच वाढलं. कारण गोळीतलं लोह बहुधा आधीच फेरस रूपात असतं आणि भरपूर असतं. किल्लीची गरज जेवणातल्या कुलूपबंद लोहाला आहे. त्यामुळं त्या गोळ्यांचे पैसे वाचवून पेरू घ्या.

कोरोनाच्या काळात संत्र्याच्या चवीच्या व्हिटॅमिन सी च्या गोळ्या लोकांनी चॉकलेटसारख्या चघळल्या. व्हिटॅमिन सी लाही आतड्यात स्वतःचा दरवाजा आहे आणि तो मर्यादित आहे. दोनशे मिलीग्रॅमपर्यंत जवळपास सगळं आत जातं. एक ग्रॅमच्या वर घेतलं तर निम्म्याहून कमी शोषलं जातं. उरलेलं आतड्यात राहून जुलाब लावतं आणि आत गेलेलं जास्तीचं लघवीतून निघून जातं. मुतखड्याची तक्रार असलेल्यांनी तर मोठ्या डोसच्या वाटेलाही जाऊ नये. मोठ्या बाईची रोजची गरज आहे ६५ मिलीग्रॅम, पुरुषाची ८०. ती अर्ध्या पेरूत भागते.

जिथं लिंबू-पेरू पुरत नाही

एका जेवणात शोषण दुप्पट होतं, याचा अर्थ हिमोग्लोबिन दुप्पट वेगानं चढतं असा नाही. शरीर लोहाचा दरवाजा गरजेप्रमाणं उघडतं आणि मिटतं. महिनोन्‌महिने केलेल्या अभ्यासांत व्हिटॅमिन सी चा फायदा एका जेवणात दिसतो त्यापेक्षा बराच कमी दिसला आहे. नऊच्या आसपास असलेल्या बाईला गोळी हवीच, ताटातला बदल तिच्या जोडीला. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर घरगुती उपाय करत बसण्यात जिवाला धोका आहे. थेट दवाखाना. एवढं रक्त कमी असताना रोजे ठेवण्याचा प्रश्न आला, तर आधी डॉक्टर आणि मग आलिम, दोघांशीही बोलून घ्या. शरियतनं गरोदर बाईला सवलत दिलेली आहेच.

आणि आतून लोह गळत असेल तर वरून ओतून उपयोग नाही. पाळीत फार रक्त जाणं ही बायका सासूलाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर लांबच. मूळव्याधीचं तेच. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या आतड्यात आकडी कृमी होतात आणि तिथंच बसून रक्त पितात. त्यासाठी शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये.

एक गोष्ट आपल्या समाजात मुद्दाम बोलायला हवी. काही जणांचं हिमोग्लोबिन लोह कमी नसतानाही कमी असतं, कारण त्यांच्यात थॅलेसेमियाचा अंश असतो. त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघांतही तो असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी, की मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागेल. चुलत-मामे नात्यात लग्न झालं तर दोघांत हा अंश असण्याची शक्यता वाढते. अशा माणसाला महिनोन्‌महिने लोह देत राहणं निरर्थक, आणि ज्या मुलांना रक्त चढवलं जातं त्यांना लोह किंवा व्हिटॅमिन सी स्वतःहून देणं धोक्याचं, कारण त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असतं. तीन महिने नीट गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांकडून 'एचबी-ए-टू' ही तपासणी लिहून घ्या. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी ती केली तर आणखी चांगलं.

गोळ्या नीट चालू असतील तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दोननं चढायला हवं, म्हणून पहिली तपासणी महिन्यानं करा, तीन महिने वाट बघू नका. आणि आकडा बारावर पोचला की बहुतेक घरांत गोळ्यांची पाकिटं खिडकीत पडतात. तेव्हा रक्त भरलेलं असतं, यकृतातला साठा अजून रिकामाच असतो. तो भरायला आणखी दोन-तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. किती दिवस, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या.